वाचकांचे प्रश्न : सरकारच दुबळे असेल, तर लोकांनी कोणाला विचारायचे?

मागील अंकातील या सदरात युद्धाने किंवा यादवीने पोखरलेल्या, म्हणजेच ‘डळमळीत राज्यव्यवस्थेच्या’ देशांमध्ये गावसमित्या, जाहीर सभा आणि दवाखान्यांची गुणपत्रके यांच्या साहाय्याने सार्वजनिक सेवा सुधारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची थोडक्यात ओळख करून दिली होती. त्यावर निपाणी, खानापूर, कागवाड, हुक्केरी आणि बेळगाव तालुक्यांतून पत्रे आली. हे प्रयोग खरोखर यशस्वी झाले का आणि सीमाभागातील आपल्यासारख्या लोकांनी त्यांतून काय घ्यावे, असा बहुतेकांचा रोख होता. निवडक पत्रांचा सारांश देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘डळमळीत राज्यव्यवस्थेचे देश’ कोणते, हे कोण ठरवते? आमच्या सीमाभागातही सरकार आमचे ऐकत नाही असे घरोघरी बोलले जाते. मग आपला भागही त्यातच मोडतो का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : जागतिक बँक दरवर्षी संघर्षग्रस्त आणि संस्थात्मकदृष्ट्या दुबळ्या देशांची यादी प्रसिद्ध करते. अफगाणिस्तान, सोमालिया, दक्षिण सुदान, येमेन, काँगो, हैती ही नावे तिच्यात पुन्हा पुन्हा येतात. सरकारचा हुकूम देशाच्या मोठ्या भागात चालत नाही, शिक्षक आणि परिचारिकांचे पगार महिनोन्महिने होत नाहीत, दवाखाना उभा असला तरी तो परदेशी संस्थेच्या पैशावर चालतो आणि ती संस्था निघून गेली की बंद पडतो, अशी तिथली साधारण स्थिती असते. या देशांपैकी काहींनी २०१० मध्ये पूर्व तिमोरच्या दिली शहरात एकत्र येऊन स्वतःचा गट स्थापन केला, आणि मदत देणाऱ्यांनी आमच्या संस्थांना वळसा घालून काम करू नये, अशी मागणी लावून धरली. सुधारणेला किती काळ लागतो याचा अंदाज जागतिक बँकेच्या २०११ च्या विकास अहवालाने दिला आहे. विसाव्या शतकात सर्वांत वेगाने सुधारलेल्या देशांनाही लष्कराला राजकारणातून बाहेर काढण्यासाठी सरासरी १७ वर्षे, नोकरशाही कामाची करण्यासाठी २० वर्षे आणि भ्रष्टाचार आटोक्यात आणण्यासाठी २७ वर्षे लागली.

आपला भाग त्यात मोडत नाही. बेळगाव जिल्ह्यात तहसीलदारांचा हुकूम चालतो, शिक्षकांचे पगार होतात, न्यायालये उघडी आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चाललेला सीमावाद महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आणि त्याविषयी आपल्या भावना तीव्र आहेत. त्या मी कमी लेखत नाही. मात्र तो वाद प्रदेश कोणत्या राज्यात असावा याविषयीचा आहे. नळाला पाणी येणे, अंगणवाडीत पोषण आहार मिळणे आणि उतारा वेळेवर हातात पडणे या गोष्टी तो निकाल येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाहीत. आपल्याकडे राज्यव्यवस्था भक्कम आहे, परंतु ती उत्तर देण्यास बांधलेली आहे असे लोकांना वाटत नाही. दुबळ्या देशांकडे आपण याच एका बाजूने पाहावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि काही वर्षे शाळेच्या एसडीएमसीवर (शाळा विकास व देखरेख समितीवर) होतो. आमच्या भागातील उपकेंद्रात कर्मचारी वेळेवर येत नाहीत आणि डॉक्टर तर नाहीतच, हा विषय ग्रामसभेत कितीदा तरी मांडला गेला. ठराव झाला, सह्या झाल्या, पुढे काही घडले नाही. इथे ही गत, तर जिथे सरकारच दुबळे आहे तिथे लोकांनी विचारून डॉक्टर कुठून येणार? (खानापूर तालुका)

उत्तर : या विषयातील सर्वांत जड प्रश्न आपण विचारला आहे, म्हणून त्याला जरा विस्ताराने उत्तर देतो.

जागतिक बँकेच्या २००४ च्या विकास अहवालाने सेवा सुधारण्याचे दोन मार्ग सांगितले होते. लांबच्या मार्गात नागरिक मत देतो, निवडून आलेला प्रतिनिधी धोरण ठरवतो आणि खाते ते कर्मचाऱ्याकडून अमलात आणून घेते. जवळच्या मार्गात सेवा घेणारा सेवा देणाऱ्याला थेट जाब विचारतो. जिथे लांबचा मार्ग यादवीत मोडून पडला आहे, तिथे निदान जवळच्या मार्गाने काही साधते का, हे तपासण्यासाठी पुढील काळात बरेच काटेकोर प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि मला त्यांतील ही विसंगतीच सर्वांत शिकण्यासारखी वाटते.

युगांडापासून सुरुवात करू. दीर्घ यादवीतून सावरणाऱ्या त्या देशात १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांना विद्यार्थीसंख्येनुसार मिळणाऱ्या अनुदानाचा माग काढला गेला, तेव्हा सरासरी केवळ १३ टक्के रक्कम शाळेपर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. उरलेली रक्कम जिल्हा पातळीवरच मुरत होती. त्यानंतर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले याचे आकडे वर्तमानपत्रांत छापण्यास आणि शाळेच्या दारावर लावण्यास सुरुवात केली. २००१ पर्यंत शाळेत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. त्याच काळात अर्थखात्याचे नियमही कडक झाले होते, त्यामुळे सगळे श्रेय छापील आकड्यांना देता येत नाही. तरीही आपल्या शाळेला किती पैसे निघाले होते हे पालकांना आणि मुख्याध्यापकांना ठाऊक झाले, ही घटना मोठी होती. जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन ‘अमुक रक्कम आमची आहे’ असे म्हणण्यासाठी अगोदर तो आकडा हाती असावा लागतो.

त्याच देशात नऊ जिल्ह्यांतील ५० ग्रामीण दवाखाने निवडून, त्यांपैकी निम्म्यांच्या परिसरात लोकांच्या बैठका घेतल्या गेल्या. औषधे मिळतात का, कर्मचारी हजर असतात का, किती वेळ थांबावे लागते, याचे त्या दवाखान्यापुरते गुणपत्रक तयार केले गेले. प्रथम गावकरी वेगळे बसले, मग कर्मचारी वेगळे बसले आणि शेवटी दोघांनी समोरासमोर बसून पुढे काय बदलायचे याचा लेखी करार केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार एका वर्षानंतर या दवाखान्यांच्या परिसरात पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या परिसरांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होते आणि बाह्यरुग्णांची संख्या २० टक्क्यांनी वाढली होती. हा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे अशाच धर्तीचा, पण ३७६ आरोग्य केंद्रांचा कितीतरी मोठा प्रयोग झाला, तेव्हा उपचारांचा दर्जा आणि रुग्णांचे समाधान थोडे वाढलेले दिसले, मात्र बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही. दरम्यानच्या वर्षांत त्या देशातील बालमृत्यू एकूणच कमी झाले होते, हे एक कारण असू शकते. माझ्या मते दुसरे कारण असे की कर्मचाऱ्याच्या हातात जेवढे होते तेवढे त्याने सुधारले, आणि उरलेल्या अडचणी ज्यांच्या हातात होत्या ते त्या बैठकीत कधी आलेच नव्हते.

सिएरा लिओनचे उदाहरण मला अधिक आशादायक वाटते. १९९१ ते २००२ या अकरा वर्षांच्या यादवीनंतर त्या देशात सरकारी दवाखान्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. २०१४ च्या इबोला साथीच्या थोडे आधी २५४ दवाखान्यांत एक प्रयोग झाला. त्यांपैकी काहींच्या परिसरात गावकरी आणि कर्मचारी यांच्या नियमित बैठका झाल्या, तर काही ठिकाणी चांगले काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पैशाविना, केवळ मानाचा गौरव केला गेला. साथ आली तेव्हा या परिसरांतील लोकांनी आजाऱ्यांची माहिती अधिक प्रमाणात कळवली आणि मृत्यूही कमी झाले. घरातील माणसाला ताप आला की त्याला लपवायचे की दवाखान्यात न्यायचे, हा निर्णय कुटुंब एका रात्रीत घेते. त्या रात्री दवाखान्यातील माणूस ओळखीचा आणि शब्द पाळणारा वाटला, म्हणून तो निर्णय बदलला. साथ सुरू झाल्यानंतर कितीही ध्वनिक्षेपक फिरवले असते तरी हा विश्वास तेव्हा उभा करता आला नसता.

पूर्व काँगोत याच्या उलट घडले. २००७ पासून तिथे मोठ्या कार्यक्रमाखाली गावोगाव समित्या निवडल्या गेल्या, प्रशिक्षणे झाली, बांधकामे झाली. नंतर संशोधकांनी काही गावांना प्रत्येकी १,००० डॉलर फारशा अटींशिवाय दिले आणि ते कसे वापरले जातात हे पाहिले. समितीचे प्रशिक्षण मिळालेली गावे इतर गावांपेक्षा काही वेगळी वागली नाहीत. कार्यक्रमाने गावकऱ्यांना बसायला शिकवले होते, परंतु बैठकीबाहेरची सत्ता जिथे होती तिथेच राहिली होती.

आता आपल्या ठरावाकडे येतो. ‘उपकेंद्राची स्थिती सुधारावी’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या मागण्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत, आणि ठराव तिथेच अडकतो असे मला वाटते. उपकेंद्र कोणत्या दिवशी किती वाजता उघडेल, लसीकरणाचा वार कोणता, गरोदर स्त्रियांची तपासणी कोणत्या वाडीत होईल, या गोष्टी तिथल्या परिचारिकेशी आणि आशा कार्यकर्तीशी समोरासमोर बसून ठरवता येतात व भिंतीवर लिहून ठेवता येतात. औषधांचा साठा आणि रजेवरील कर्मचाऱ्याची बदली व्यवस्था हा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा विषय आहे. डॉक्टरांची नेमणूक त्याहून वर ठरते. पहिल्या मागणीसाठी उपकेंद्रातच बैठक घ्यावी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अडचणीही तितक्याच मन लावून ऐकाव्यात, कारण पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलातील वाड्यांपर्यंत पायी जाणाऱ्या परिचारिकेकडेही सांगण्यासारखे बरेच असते. दुसरी मागणी तालुका अधिकाऱ्यांच्या नावे स्वतंत्र ठरावाने पाठवून पुढील ग्रामसभेत त्यांच्या खात्याचा प्रतिनिधी उपस्थित राहावा असे त्यातच नमूद करावे. तिसऱ्या मागणीसाठी आमदारांकडे पाठपुरावा करावा, आणि मंजूर पदे किती व रिक्त किती हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारावे. २००५ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. सर्व मागण्या एकाच कागदावर एकाच कचेरीत गेल्या, की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बायका ग्रामसभेला जातात, पण पुढच्या खुर्च्यांवर ठरलेलीच माणसे बसतात आणि तीच बोलतात. २०१९ च्या पुरानंतर पडलेल्या घरांच्या याद्या झाल्या, त्या वेळीही आम्हाला नंतरच कळले. मग सहभाग म्हणजे नेमका कोणाचा सहभाग? (कृष्णाकाठ, कागवाड तालुका)

उत्तर : ताई, आपला अनुभव अपवादात्मक नाही, आणि सभा बोलावली म्हणजे गाव बोलले असे मानणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा.

अफगाणिस्तानातील ग्रामविकास कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. गावकऱ्यांनी गुप्त मतदानाने विकास परिषद निवडायची, स्त्रियांना तिच्यात स्थान द्यायचे आणि मग गावाला कुटुंबामागे २०० डॉलर, पण गावामागे ६०,००० डॉलरपेक्षा जास्त नाही, असा निधी द्यायचा, अशी त्याची रचना होती. पुढे तो ३०,००० हून अधिक गावांत पोहोचला. संशोधकांनी ५०० गावे निवडून, त्यांपैकी निम्म्यांना कार्यक्रम आधी आणि निम्म्यांना नंतर देऊन कित्येक वर्षे निरीक्षण केले. पिण्याचे पाणी आणि वीज यांत सुधारणा दिसली. गावच्या कारभारात स्त्रियांचा वावर वाढला. सरकारविषयीचे अनुकूल मत मात्र निधी संपल्यावर बरेचसे ओसरले.

आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट अशी की, कोणते काम आधी घ्यायचे हे काही गावांत खुल्या सभेत ठरले, तर काही गावांत सर्वांच्या गुप्त मतदानाने. जिथे मतदान झाले, तिथे गावातील वजनदार मंडळींचा प्रभाव कमी पडला आणि लोकांचे समाधान वाढले. खुल्या सभेत सावकाराच्या, जमीनदाराच्या किंवा सासऱ्याच्या देखत हात वर करावा लागतो. चिठ्ठी टाकताना तो प्रश्न येत नाही. आपल्या ग्रामसभेतही कामांचा प्राधान्यक्रम ठरवताना चिठ्ठीची पद्धत वापरावी, असा ठराव मांडता येईल, आणि त्याला विरोध करण्यासाठी सभ्य कारण सापडणे कठीण जाईल.

दुसरा निष्कर्ष कडू आहे. त्याच गावांत २०११ मध्ये गव्हाची मदत वाटली गेली. जिथे वाटपाची जबाबदारी निवडलेल्या परिषदेवर स्पष्टपणे सोपवली होती, तिथे गहू गरजूंपर्यंत अधिक चांगला पोहोचला. जिथे परिषद होती, पण जबाबदारी कोणाची हे सांगितलेच नव्हते, तिथे परिषद नसलेल्या गावांपेक्षाही वाटप बिघडले, कारण गावचे जुने पुढारी आणि नवी परिषद असे दोन हात एकाच पोत्यात गेले. पूरग्रस्तांच्या यादीचेही असेच होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपये जाहीर केले, आणि नुकसानीच्या प्रमाणात घरांचे वर्ग पाडले गेले. भिंत पूर्ण पडली की अर्धी, या एका नोंदीवर कुटुंबाची कित्येक वर्षे अवलंबून होती. ही नोंद कोणी केली, कोणी तपासली आणि हरकत कोणाकडे घ्यायची, हे यादी अंतिम होण्यापूर्वी गल्लीत वाचून दाखवले जाणे अगदी आवश्यक होते आणि पुढील पुराच्या वेळीही राहील.

कर्नाटकाच्या पंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी वॉर्डसभेची तरतूद आहे, हे आपल्या गटाने जरूर लक्षात ठेवावे. वॉर्डसभेला माणसे थोडी आणि ओळखीची असतात, त्यामुळे बायकांना तिथे बोलणे सोपे जाते. तसेच दरवर्षी पंचायतीच्या जमाखर्चाची आणि कामांची ‘जमाबंदी’ जाहीरपणे होते. तिथे गटातील लिहिता-वाचता येणाऱ्या एकीने वही घेऊन बसावे आणि आपल्या गल्लीतील कामापुरते विचारावे. दक्षिण भारतातील चार राज्यांतील गावांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात ज्या गावांत ग्रामसभा प्रत्यक्ष भरत होत्या, तिथे दारिद्र्यरेषेखालील कार्डे भूमिहीन आणि निरक्षर कुटुंबांकडे जाण्याचे प्रमाण अधिक दिसले. त्यामुळे पुढच्या खुर्च्या कोणी अडवल्या असल्या, तरी सभेला जाणे सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आता सर्व तक्रारी मोबाईलवरून करता येतात. मग सभा आणि समित्यांची गरज काय? (संगणक केंद्र चालवणारा तरुण, हुक्केरी)

उत्तर : मोबाईल उपयोगी आहे, पण फोन कोण करतो यावर बरेच अवलंबून आहे. पाकिस्तानातील झंग जिल्ह्यात २००८ च्या सुमारास तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी, जमिनीचे व्यवहार नोंदवण्यासाठी आलेल्या लोकांचे फोन क्रमांक कारकुनांकडून रोज मागवण्यास सुरुवात केली, आणि त्यांतील काहींना स्वतः फोन करून ‘पैसे मागितले का?’ असे विचारले. तक्रार करायला माणूस भितो, पण वरिष्ठ अधिकाऱ्याने आपण होऊन विचारले तर तो सांगतो, आणि कोणाला फोन जाईल हे ठाऊक नसल्याने कारकूनही जपून वागतो. पुढे पंजाब प्रांताने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

आपल्या राज्यातही अशी परंपरा आहे. बेंगळुरूमध्ये सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये शहरी सेवांचे पहिले नागरिक गुणपत्रक निघाले. १९९९ च्या दुसऱ्या गुणपत्रकात फारसा फरक दिसला नाही आणि २००३ च्या तिसऱ्यात स्पष्ट सुधारणा दिसली. दहा वर्षे तेच प्रश्न पुन्हा विचारण्याची चिकाटी कोणीतरी दाखवली, म्हणून हे घडले. आपल्या केंद्रात जात-उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी येणाऱ्यांना आपण सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याविषयीच्या ‘सकाल’ कायद्याची माहिती द्यावी. २०११ च्या या कायद्यानुसार अर्जाला पंधरा अंकी क्रमांक मिळतो, आणि ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, इतकी भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे. परंतु ती दिरंगाई करणाऱ्याकडून वसूल होण्याची तरतूद आहे आणि विलंब कोणाच्या टेबलावर झाला याची नोंद राहते.

प्रश्न : लोकांनीच समित्या करून कामे करायची, तर सरकारला मोकळे सोडल्यासारखे होत नाही का? (सामाजिक कार्यकर्ते, बेळगाव)

उत्तर : होते, आणि या विषयावर उत्साहाने बोलणाऱ्यांनी ही बाजू पुष्कळदा झाकून ठेवली आहे. अफगाणिस्तानातील परिषदा आणि त्यांच्यामागून आलेले कार्यक्रम परदेशी निधीवर उभे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सत्ता बदलली, जागतिक बँकेने निधी थांबवला आणि गावांच्या हाती अनुभव तेवढा उरला.

नेपाळकडे मी दोन वेगवेगळ्या कारणांसाठी पाहतो. १९९३ च्या वनकायद्याने तिथे वनउपभोक्ता गटांना, म्हणजे जंगल वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांना, अधिकार दिले होते. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या दशकात सरकारी कचेऱ्या अनेक ठिकाणी ओस पडल्या, तरी हजारो गटांच्या बैठका, हिशेब आणि जंगलराखणीचे काम चालू राहिले, कारण त्यांना कायद्याने मिळालेला हक्क होता आणि जंगलातून येणारे उत्पन्न त्यांचे स्वतःचे होते. दुसरीकडे, २००२ मध्ये स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि त्यानंतर थेट २०१७ पर्यंत त्यांच्या निवडणुका झाल्या नाहीत. या पंधरा वर्षांत गावचा निधी अधिकारी आणि पक्षांचे स्थानिक पुढारी यांच्या संगनमताने वाटला जात असल्याच्या तक्रारी सतत होत राहिल्या. उपभोक्ता गट कितीही चांगले असले, तरी त्यांना निवडून आलेल्या पंचायतीची जागा घेता आली नाही.

हे वाचताना आपल्याला आपल्या जिल्ह्याची आठवण झाली असेल. कर्नाटकातील जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतरच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. १९८७ मध्ये स्त्रियांना पंचायतींत २५ टक्के जागा देऊन देशाला वाट दाखवणाऱ्या राज्यात असे व्हावे, याचे मला मनापासून दुःख होते. ग्रामपंचायतीचा ठराव वर पाठवला, तर तो ऐकायला तालुक्यात निवडून आलेला माणूस नसतो, प्रशासक असतो. म्हणून आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावसमित्या अवश्य कराव्यात, परंतु पहिला ठराव या निवडणुका घेण्याचा करावा. शाळेच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम तिच्याकडे दिले आहे. आराखड्यात शिक्षकांची रिक्त पदे लिहिणे हे समितीचे काम आहे. वर्गणी काढून शिक्षक नेमणे हे तिचे काम नाही. तसे वर्षानुवर्षे करत राहिल्यास ते पद भरण्याची निकड खात्याला वाटेनाशी होते.

प्रश्न : ग्रामसभेची नोटीस आणि ठराव कन्नडमध्ये असतात. गावातील अनेक वयस्कर मंडळींना ते वाचता येत नाहीत. सहभागाचा विचार करताना या अडचणीचे काय करायचे? (शेतकरी, बेळगाव तालुका)

उत्तर : ही अडचण जगभर दिसते. पूर्व काँगोत २०१८ ते २०२० या काळात इबोलाची साथ पसरली, तेव्हा देशाची अधिकृत भाषा फ्रेंच असली तरी त्या भागातील लोक स्वाहिली आणि नांदे बोलत होते. फ्रेंच पत्रके अनेकांना समजली नाहीत आणि त्यामुळे अफवांना जागा मिळाली. लोकांची भाषा आणि कागदाची भाषा वेगळी असेल, तर सेवेविषयीची माहिती थोड्यांच्या हाती राहते आणि बाकीच्यांना त्यांच्यामार्फत जावे लागते.

कर्नाटकात पंचायतीचा अधिकृत कारभार कन्नडमध्ये चालतो. ती राज्यभाषा आपल्या मुलांनी चांगली शिकावी, असेच मला वाटते, कारण तालुक्याच्या कचेरीत ती आल्याशिवाय पाठपुरावा होत नाही. त्याबरोबर आपले हक्कही ठाऊक असावेत. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही नागरिकाला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे मराठीतील अर्ज केवळ मराठीत आहे या कारणाने नाकारता येत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क आणि ३५० ख हे अनुच्छेद जोडले गेले. त्यांपैकी पहिला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याविषयी आहे आणि दुसरा भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याविषयी. ज्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे आश्वासन देशपातळीवर दिलेले आहे. ते कायद्याइतके बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख करणे योग्य ठरते.

ग्रामसभेपुरता उपाय बराच सोपा आहे. नोटिशीतील विषय सभेच्या आदल्या दिवशी देवळात किंवा दूध संकलन केंद्रावर मराठीत वाचून दाखवावेत, आणि ठराव लिहून झाल्यावर सही करण्यापूर्वी पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) किंवा त्यांच्या सांगण्यावरून एखाद्या सदस्याने तो सभेतच मराठीत सांगावा, अशी विनंती करावी. बहुतेक गावांत दोन्ही भाषा जाणणारी तरुण मुले-मुली आहेत आणि अनेक कन्नड भाषक अधिकारी या विनंतीला मनापासून साथ देतात. विनंती तोंडी मान्य झाली नाही, तर पंचायतीत मराठीत लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी, आणि पंचायतीकडून तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी.